गोटे हा नॉर्वेचा बँड २००५ ला ऐन भरात असताना का थांबला?

रात्रीची_लोकल

नमस्कार मंडळी, इथे प्रॉग आणि मेटल ऐकणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, नॉर्वेचा गोटे हा बँड कोणी नीट ऐकलाय का? मला ते सापडले २०२४ च्या युरोव्हिजनमुळे, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेमुळे. उल्वेहाम गाण्याचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला, त्यात ती गायिका जी वरच्या पट्टीत हाक घालते ना, डोंगरावर चरायला गेलेल्या गुरांना घातल्यासारखी साद, ती ऐकली आणि मी अडकलो तो अडकलोच. मग मागे मागे जात २००२ चा युग्री आणि २००४ चा ईसेलिल्या असे दोन्ही अल्बम ऐकून काढले. जुनी लोकगीतं, फिडल, खाली जड डिस्टॉर्शनची, म्हणजे फाटक्या आवाजाची गिटार, मध्येच इलेक्ट्रॉनिक आवाज, आणि तरी कुठेही ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही, हे मला सगळ्यात ग्रेट वाटतं कारण फ्युजनच्या नावाखाली आपल्याकडे जे चालतं त्यात बहुतेक वेळा लोकगीत एकीकडे आणि ड्रम्स एकीकडे असतात आणि मध्ये कोणीतरी बासरी वाजवत असतो.

आता प्रश्न. एवढं जमून आलेलं असताना २००५ मध्ये बँड बंद. दोन स्टुडिओ अल्बम आणि संपलं. परत उभे राहिले ते २०१७ ला. मधली १२ वर्षं का गेली? आणि नॉर्वेत याच्या आधी असं काही करणारे बँड होते का, त्यांचं काय झालं?

विचारायचं कारण हे की आमचाही बँड आहे, मुलुंड-ठाण्यातले आम्ही काही जण, संबळ, बेस, गिटार, आणि जात्यावरच्या ओव्या, गोंधळातली पदं असं घेऊन करतो. आमच्या गायिकेने सांगितलंय की या वर्षानंतर ती थांबणार, तिला पुढे शिकायचंय. भांडण अजिबात नाही. पण बाकीच्यांत दोन तट पडलेत, अर्धे म्हणतात दुसरी गायिका शोधू, अर्धे म्हणतात मग बँडच नको. त्यामुळे हे बाकीचे लोक कसे थांबले आणि कशामुळे, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

बेसवाली

धाग्याबद्दल थँक्यू, या बँडवर मराठीत कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आधी सरळ घटनाक्रम सांगते. बँड सुरू झाला १९९९ ला, ट्रन्डेलाग भागात, म्हणजे ट्रॉनहाइम शहर ज्या भागात येतं तिथे. मुळात भाऊ-बहीण. स्वेइनुंग सुंडली, फिडल आणि कीबोर्ड, आणि त्याची धाकटी बहीण गुनहिल्ड, गायला. गिटारला मागनुस बर्मार्क. आता एक गोष्ट बघ, गुनहिल्डचा जन्म १९८५ चा. म्हणजे बँड उभा राहिला तेव्हा ती १४ वर्षांची आणि युग्री आला तेव्हा १७. आपल्याकडे या वयात पोरं बारावीचे क्लास करत असतात. आणि ती काय गात होती, तर मध्ययुगातली बॅलड्स, म्हणजे गोष्ट सांगणारी गाणी, ज्यात खून, चेटूक, डोंगरात गडप झालेल्या मुली, सगळं तिच्या आवाजावर उभं. युग्रीने नॉर्वेत नाव केलं, मग टूर, दोन वर्षांत दुसरा अल्बम, देशाबाहेर कार्यक्रम, आणि २००५ ला थांबले तेव्हा ती जेमतेम २० ची होती.

गुनहिल्डला दुसरं काहीतरी करायचं होतं. ती पुढे नाटकात गेली, अभिनेत्री म्हणून काम केलं. यापेक्षा मोठं रहस्य त्यात नाहीये असं माझं स्पष्ट मत आहे. लोक बँड फुटला म्हटलं की पैसे, दारू, प्रेमप्रकरण शोधायला लागतात. इथे एक मुलगी शाळेच्या वयापासून एकाच गोष्टीत होती आणि विशीत आल्यावर तिने मान वर करून बाकीचं जग बघितलं. मला हे फार नॉर्मल वाटतं, आणि तिला तसं करता आलं, कोणी धरून ठेवलं नाही, हे चांगलंच झालं.

बाकीचे पण वाया गेले नाहीत. ड्रमर केनेथ कापस्टाड २००७ ला मोटरसायकोमध्ये गेला, ट्रॉनहाइमचाच बँड, आणि २०१६ पर्यंत तिथे होता. लिटल ल्युसिड मोमेंट्स आणि हेवी मेटल फ्रूट ऐक, त्यातलं ड्रमिंग ऐकून कळेल की गोटेमध्ये हा माणूस किती हात आवरून वाजवत होता. 

तरफ

मी सारंगी शिकतो, म्हणून माझं लक्ष वेगळ्या ठिकाणी जातं, थोडं लांबेल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे ती गायकी. नॉर्वेतल्या या पारंपरिक गाण्याला क्वेडिंग म्हणतात, साथीशिवाय, एकटा माणूस गोष्ट सांगतो. आवाज सरळ, कंप नाही, भाव ओतून दाखवायचा नाही, सगळा जोर शब्दावर. स्वर पण आपल्या हार्मोनियमवर बसणारे नसतात, तिसरा आणि सातवा स्वर कधी मधल्याच जागेवर लागतो, ना कोमल ना शुद्ध. आणि ती गुरांची हाक हा आणखी वेगळा प्रकार, उन्हाळ्यात बायका गुरं घेऊन डोंगरावरच्या झोपड्यांत राहायच्या, तिथून लांबवर ऐकू जाईल अशी उंच, टोकदार साद. आता हे सगळं डिस्टॉर्शनच्या भिंतीवर चढून रोज रात्री गायचं. गळ्याचं काय होत असेल याचा विचार करा. क्वेडिंग ही घरातल्या चुलीपाशी गायची गोष्ट आहे, तिला तुम्ही मोठ्या पीएवर, म्हणजे स्टेजच्या स्पीकरवर आणता तेव्हा गायिकेला मॉनिटरमध्ये स्वतःचा सरळ स्वर सापडणंच अवघड होतं.

दुसरं वाद्य. नॉर्वे म्हटलं की सगळे हार्डिंगफेले म्हणतात, म्हणजे हार्डांगरकडचं फिडल, आणि ते मला जाम जवळचं वाटतं कारण त्याला वरच्या ४ तारांच्या खाली ४ किंवा ५ तरफेच्या तारा असतात. गजाने वरची तार वाजवली की खालच्या आपोआप गुंजतात, सारंगीसारखंच. आणि जुळवण्या २० हून जास्त, धून बदलली की जुळवणी बदलते. पण ही परंपरा पश्चिम किनारा आणि टेलेमार्क, सेटेसडाल, वाल्ड्रेस अशा दऱ्यांमधली. ट्रन्डेलागमध्ये साध्या फिडलची परंपरा आहे, आणि स्वेइनुंग तेच वाजवतो. म्हणून गोटेचा आवाज तसा कोरडा आणि धारदार, गुंजणारा नाही, आणि रॉक गिटारबरोबर तो जास्त चांगला बसतो, तरफा असत्या तर डिस्टॉर्शनमध्ये नुसता गोंगाट झाला असता.

या फिडलचा इतिहास पण वाचण्यासारखा आहे. १९व्या शतकात तिथल्या कडव्या धार्मिक चळवळींनी फिडल हे सैतानाचं वाद्य ठरवलं होतं, लोकांनी ती जाळली, लपवली. त्याच काळात टेलेमार्कमधला एक गिरणीवाल्याचा पोर, सगळे त्याला म्युल्लारगुटेन म्हणायचे, एवढा वाजवायचा की ओले बुल या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाने १८४९ ला त्याला राजधानीत आणून स्टेजवर बसवलं. म्हणजे लोकसंगीत गावातून उचलून शहरातल्या तिकिटाच्या कार्यक्रमात न्यायचं, हा प्रकार तिथे पावणेदोनशे वर्षांचा आहे.

आणि ती गाणी. युग्रीवर मार्गिट युक्से आहे ते घ्या. टेलेमार्कचं बॅलड. श्रीमंत घरची मुलगी चर्चला निघते, वाटेत डोंगराचा राजा तिला डोंगरात ओढून नेतो, तिथे तिला मुलं होतात, वर्षांनी तिला आपल्या गावच्या घंटा ऐकू येतात, ती एकदा घरी जाऊ दे म्हणते, आईबापांना भेटते, आणि तो तिला परत न्यायला येतो. आमच्या आजीकडे विहिरीवरच्या साती आसरांच्या गोष्टी असायच्या, भर दुपारी एकट्या पोराला बोलावतात आणि मग ते पोर परत येत नाही. ऐकताना तेच आठवलं आणि अंगावर काटा आला, शब्द एकही कळत नसताना.

जहाजी

बऱ्याच दिवसांनी इथे कोणी नॉर्वेबद्दल बोलतंय म्हणून लॉगिन केलं. मी मर्चंट नेव्हीत होतो, नॉर्वेजियन कंपन्यांच्या जहाजांवर मुंबईची पोरं कायम असायची, आता पण असतात. ओस्लोला बंदरावर उतरलो की रेकॉर्डची दुकानं हा माझा कार्यक्रम ठरलेला.

तुम्ही मंडळी २००२ पासून सुरुवात करताय, पण याचा बाप १९७३ चा आहे. फोल्के. ओस्लोचा बँड. पहिला अल्बम १९७४, बँडच्याच नावाचा, दुसरा १९७५ चा, ज्यात डोव्रे पर्वतावरच्या राक्षसांचं बॅलड आहे, शेम्पेने पो डोव्रेफ्येल. मग १९७७ चा वार्डयोगर, १९७८ चा दान्स दान्स ओलाव लिल्येक्रान्स, १९८० चा फ्रेडलोस, १९८१ चा लांडे डिट आणि १९८३ चा सॉर्ट मेसे. १९८४ ला बँड बंद झाला. पहिल्या अल्बमवर लिसा हेल्येसेन गायली, नंतर येन मोर्टेन्सेन आली आणि फोल्केचा आवाज म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर येन येते.

त्यांच्यावर इंग्लंडचा परिणाम होता हे उघड आहे. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा १९६९ चा लीज अँड लीफ, आणि स्टीलाय स्पॅन. इंग्लिश पोरांनी आपली जुनी बॅलड्स इलेक्ट्रिक गिटारवर घेतली, ते ऐकून नॉर्वेच्या पोरांना वाटलं की अरे आपल्याकडे तर खजिना पडलाय. आणि खजिना खरंच होता कारण लांडस्टाड नावाच्या धर्मगुरूने १८५३ ला नॉर्स्के फोल्केविसर म्हणून टेलेमार्कमधली गाणी छापून ठेवली होती. ती नसती तर यातलं अर्धं विसरलं गेलं असतं. 

पण काळ पण बघा. सप्टेंबर १९७२ मध्ये नॉर्वेने युरोपियन समुदायात जायचं की नाही यावर सार्वमत घेतलं आणि ५३.५ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. शेतकरी, कोळी, विद्यार्थी एका बाजूला, सरकार आणि मोठी माणसं दुसऱ्या बाजूला. त्या वातावरणात गावाकडची बोली, गावाकडची गाणी, विणलेले स्वेटर या सगळ्याला एकदम मान आला. तरुण पोरांना आजीचं गाणं गाणं म्हणजे एक भूमिका घेणं वाटत होतं. फोल्के त्याच लाटेवर आले, आणि लाट ओसरली तसे ते पण बदलत गेले. शेवटच्या अल्बमांत लोकगीत मागे पडून रॉक पुढे आलंय, ऐकलंत तर कळेल. गायिका, माणसं, आवाज, सगळं हळूहळू बदलत बदलत दहा-बारा वर्षांनी थांबले. त्यांच्यातला मॉर्टेन बिंग तर पुढे ओस्लोच्या लोकसंग्रहालयात अभ्यासक म्हणून काम करू लागला, म्हणजे गाणी सोडून तो त्या गाण्यांच्या घराकडेच गेला म्हणा.

म्हणून मला बेसवालीताईंचं म्हणणं अर्धंच पटतं. एका मुलीला दुसरं काही करायचं होतं, ठीक. पण लोकसंगीताचा बँड हा रॉक बँडपेक्षा लवकर का संपतो याचं उत्तर त्यात येत नाही. माझ्या मते जुन्या गाण्यांचा साठा आणि आपलं नवीन म्हणणं यांचा हिशोब कधीतरी बसेनासा होतो. तिसऱ्या-चौथ्या अल्बमला प्रश्न पडतोच की आता अजून एक बॅलड शोधायचं की स्वतःचं लिहायचं. फोल्के त्या प्रश्नाशी सात अल्बम झगडले. गोटे दोनवर थांबले, त्या प्रश्नापर्यंत पोचलेच नाहीत.

कुर्ला_स्लो

लेबलने पिळलं असणार दुसरं काय. दोन वर्षांत दोन अल्बम, टूर वर टूर, १७-१८ ची पोरगी. सगळीकडे हेच असतं.

बेसवाली

@कुर्ला_स्लो, याला काही आधार असेल तर दे ना. दोन अल्बममध्ये दोन वर्षं हा रॉकमध्ये बऱ्यापैकी सावकाशच वेग आहे. सगळ्या बँडच्या गोष्टीत एक खलनायक लागतोच असं नाही.

@जहाजी काका, सॉरी पण गोटेला तो प्रश्न पडलाच नव्हता हे बरोबर नाही. त्यांनी पहिल्यापासूनच नुसती पारंपरिक गाणी घेतली नाहीत, स्वतःच्या चाली होत्या आणि आस्ट्रिड क्रोग हाल्से या कवयित्रीचे शब्द होते. वयाने त्यांच्या आजीएवढी बाई, तिच्या कविता आणि विशीतल्या पोरांच्या चाली. युग्री ऐकताना कोणतं गाणं जुनं आणि कोणतं नवं हे पटकन कळत नाही, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम ते आहे. त्यांनी तुम्ही म्हणता तो हिशोब पहिल्याच अल्बमला सोडवला होता. 

रात्रीची_लोकल

बापरे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. जहाजी काका, तुमच्याकडे अजून त्या एलपी आहेत का हो? फोल्केचा पहिला अल्बम काल ऑफिसातून येताना ऐकला, हार्पा म्हणून गाणं आहे, दोन बहिणींचं, मोठी धाकटीला पाण्यात ढकलते आणि मग मेलेल्या बहिणीची वीणा बनते आणि ती लग्नात सगळं बोलून दाखवते. घाटकोपरला गाडी रिकामी झाली तरी मी तसाच उभा होतो.

एक राहिलं. उल्वेहाम शेवटच्या नंबरला आलं ना युरोव्हिजनमध्ये? परत येऊन हे झालं म्हणून कमेंटमध्ये लोक वाट्टेल ते लिहीत होते, परत यायलाच नको होतं वगैरे.

धारावी_डेसिबल

युरोव्हिजन मी दर वर्षी बघतो म्हणून हे मी सांगतो. ३ फेब्रुवारी २०२४ ला ट्रॉनहाइममध्ये नॉर्वेची निवड स्पर्धा झाली, मेलोडी ग्राँप्री, ती गोटेने जिंकली, म्हणजे घरच्या मैदानावर. मग स्वीडनमधल्या माल्मोला मुख्य स्पर्धा, ९ मे ची दुसरी सेमीफायनल पार केली, आणि ११ मे ला फायनलमध्ये २५ वा नंबर, १६ गुण. फायनलमध्ये गाणी २५ च होती म्हणजे हो, शेवटचा.

पण यातली खरी गोष्ट नंबरची नाहीये. आधी त्यांनी गाण्यात जुन्या लोकगीताचे शब्द घेतले होते, लांडगा झालेल्या मुलीचं बॅलड आहे, सावत्र आई तिच्यावर जादू करून तिला एकेक वस्तू बनवते, शेवटी लांडगी, आणि भावाचं रक्त प्यायल्याशिवाय सुटका नाही. आता युरोव्हिजनचा नियम असा की गाणं नवीन पाहिजे, आधी प्रसिद्ध झालेलं चालत नाही. शेकडो वर्षं जुने शब्द म्हटल्यावर अडचण आली आणि गोष्ट तीच ठेवून शब्द नव्याने लिहावे लागले. लोकगीताला मालक नसतो आणि स्पर्धेला मात्र मालक लागतो, त्यात हे अडकले.

तीन मिनिटांत असं गाणं, जेवताना टीव्ही बघणाऱ्या करोडो लोकांसमोर, नॉर्वेजियनमध्ये. शेवटचे आले तरी माझ्यासारख्या माणसापर्यंत पोचले, या धाग्यावरचा धागाकर्ता पण तिथूनच आला. परत यायलाच नको होतं म्हणणाऱ्यांनी २०१८ चा स्वेव्न आणि २०२१ चा नूर ऐकावा, मग बोलावं. 

तरफ

+१. आणि परत आलेला बँड तोच नाही हेही ध्यानात घ्या. माल्मोच्या स्टेजवर गुनहिल्ड होती, मागनुस बर्मार्क होता, पण स्वेइनुंग नव्हता. त्याच्या फिडलच्या जागी योन स्टेनरसेन चाव्यांचं जुनं गजवाद्य वाजवत होता. ज्या भावाने बहिणीला घेऊन बँड उभा केला तो बाजूला झाला आणि जी २००५ ला थांबली होती तीच आता पुढे घेऊन जातेय. गायिका गेली की बँड संपला, हे खरं, पण ती कायमची गेली असं धरून चालायचं काही कारण नाही. १४ ची असताना गायलेलं बॅलड आणि चाळिशीच्या जवळ आल्यावर गायलेलं बॅलड यात फरक पडतो, आणि अशी गाणी वयाबरोबर चांगलीच होतात. नूरवर गिटारचा डोंगर बराच उतरलाय, आवाजाला जागा मिळालीय, मला तो सगळ्यात जास्त आवडतो.

@रात्रीची_लोकल, तुमच्या तटांबद्दल सांगायचं तर दुसरी गायिका लगेच शोधू नका असं मी म्हणेन. पॉप बँडमध्ये गायिका बदलते तेव्हा आवाज बदलतो. ओवीत बाई बदलली तर गाणंच बदलतं, कारण ती तिच्या आईकडून, मावशीकडून काय घेऊन आली त्यावर सगळं असतं.

जहाजी

एलपी आहेत, टर्नटेबल पण चालू आहे. गिरगावात या कधी, ऐकवतो, घरी कॉफी मिळेल.

बेसवालीताई, आस्ट्रिड क्रोग हाल्सेचा मुद्दा मान्य. पण मग मी उलट विचारतो, हिशोब पहिल्याच अल्बमला सुटला असेल तर दुसऱ्याला नवीन काय करायचं? ईसेलिल्या मला युग्रीपेक्षा जास्त गुळगुळीत वाटतो. वाद नाही घालत, पण तुम्ही दोन्ही लागोपाठ ऐका.

आणि तरुण मंडळींना एक सुचवतो. यान गार्बारेक हा नॉर्वेचा सॅक्सोफोनवाला, त्याने १९८९ ला आग्नेस बुएन गार्नोस या लोकगायिकेबरोबर रोसेन्सफोले हा अल्बम केला, सगळी मध्ययुगीन गाणी. तिथे ड्रम आहेत, सिंथ आहेत, पण तिचं क्वेडिंग जसंच्या तसं ठेवलंय. आणि हाच गार्बारेक १९८७ ला आपल्या झाकीरभाई (हुसेन) आणि हरिजींबरोबर (चौरसिया) मेकिंग म्युझिक या अल्बमवर वाजलाय. म्हणजे माहीम ते ओस्लो हा रस्ता जुनाच आहे.

बेसवाली

ईसेलिल्या गुळगुळीत आहे हे मान्य करते, मिक्सिंग जास्त चकचकीत आहे. पण त्यात तिचा आवाज जास्त मोकळा आहे. इथे तुमचं माझं जमणार नाही काका, पण गिरगावात मी पण येणार.

@रात्रीची_लोकल, बँड थांबल्यावर २००६ ला गोटेचा लीवा नावाचा लाइव्ह अल्बम आला. मला वाटतं मधल्या वर्षांत लोक त्यांना विसरले नाहीत त्यात त्या रेकॉर्डिंगचा मोठा वाटा आहे. स्टुडिओ अल्बममध्ये जे घोटून बसवलंय ते तिथे सैल सुटतं. तुमची गायिका वर्षभर आहे ना? मग भांडत बसू नका, ती आहे तोवर सगळं रेकॉर्ड करा, एकत्र, एका खोलीत, एकेक वाद्य नंतर वेगळं वाजवून ओव्हरडब करत बसू नका. आणि तिच्या ओव्या नुसत्या, साथीशिवाय, पण वेगळ्या रेकॉर्ड करून ठेवा. पुण्यातल्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, आता त्या परी (PARI, पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या साइटवर ऑडिओसकट ऐकायला मिळतात. तुमच्याकडच्या घरातल्या ओव्यांची भर त्यात कुठेतरी पडायला हवी.

रात्रीची_लोकल

हे काल बँडला वाचून दाखवलं. गायिका म्हणाली की नुसत्या ओव्या रेकॉर्ड करायच्या असतील तर ती पुढच्या सुट्टीत आईला पण घेऊन येते, तिच्याकडे हिच्यापेक्षा जास्त आहेत. त्यामुळे दोन तटांचं काय ते नंतर, आधी रेकॉर्डिंग हे ठरलं.

आता टेक्निकल अडचण. आमचा ड्रमर म्हणतो एकत्र वाजवायचं तर क्लिक, म्हणजे कानात ठरलेल्या लयीची टिकटिक लावूनच, नाहीतर नंतर एडिट करता येणार नाही. पण ओवी क्लिकवर बसतच नाही, तिसऱ्या चरणानंतर ती थांबते, श्वास घेते, मग शेवटचा अर्धा चरण टाकते आणि तो दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतो. तरफ, नॉर्वेवाल्यांनी हे कसं केलं असेल?

तरफ

त्यांच्याकडे ही अडचण तुमच्यापेक्षा जास्त आहे. तिकडे स्प्रिंगार म्हणून नाच आहे, तीन मात्रांचा, पण तिन्ही सारख्या नाहीत. टेलेमार्कमध्ये पहिली लांब आणि तिसरी आखूड, वाल्ड्रेसमध्ये पहिलीच आखूड. नोटेशनमध्ये ते साधं ३/४, म्हणजे तीन सारख्या मात्रांचं दिसतं आणि तसं वाजवलं की गावातला माणूस लगेच म्हणतो हे आमचं नाही. तिथला वाजवणारा पायाने जमिनीवर ठोके देतो आणि ते ठोके घड्याळाप्रमाणे नाही, नाचणाऱ्याच्या उडी आणि उतरणीप्रमाणे पडतात. रॉकचा सरळ बीट खाली टाकला की ही सगळी लय सपाट होते, आणि म्हणून फोक-रॉक करणारे बरेच जण नाचाच्या धुनांपेक्षा बॅलडकडे जातात, कारण बॅलडमध्ये लय ताणता येते.

तुम्ही क्लिक लावू नका. ड्रमरला गायिकेकडे तोंड करून बसवा, मध्ये काच किंवा पडदा नको, तिचा श्वास दिसला पाहिजे. अर्धा चरण जिथे पडेल तिथे संबळवाल्याने तिच्यामागून यायचं, आधी नाही. संबळाला दोन माइक, आकड्या काठीच्या बाजूला एक आणि सरळ काठीच्या बाजूला एक, आकडीचा माइक जरा लांब ठेवा नाहीतर घासल्याचा आवाज सगळ्यांवर चढतो. एडिट करता येणार नाही हे खरं आहे, मग एकेक गाणं पूर्ण तीनदा वाजवा आणि सगळ्यात चांगलं ठेवा. ड्रमर अगदीच अडला तर त्याला म्हणावं की आधी एक दिवस ड्रमस्टिक खाली ठेवून तिच्या आईच्या नुसत्या ओव्या ऐकत बस, कारण थांबा कुठे घ्यायचा ते त्या बाईंना बरोबर माहीत असणार.